टाचेपासून मोजा: मोटार अपघातात जखमी झालेल्या पायाची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद)

अपघातानंतर चार वर्षांनी कोर्टात माझंच इंज्युरी सर्टिफिकेट माझ्या हातात ठेवलं गेलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सीएलडब्ल्यू (ठेचून फाटलेली जखम), उजवा पाय, ५ × २ सेंमी.’ बस्स, एवढंच. खटल्यातला वादही एवढाच होता, की जखमी माणूस रस्त्याच्या कडेनं चालत असताना मोटारीनं त्याला उडवलं, की तो सायकलवरून स्वतःच घसरला. बचाव पक्षाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, ‘डॉक्टर, ही जखम टाचेपासून किती उंचीवर होती?’ मला सांगता आलं नाही. नडगीच्या पुढच्या बाजूला होती की बाहेरच्या, तेही सांगता आलं नाही. नडगीचं हाड तोवर केव्हाच जुळलं होतं आणि जखमेचा वण शस्त्रक्रियेच्या वणात मिसळून गेला होता. त्या माणसाच्या बाजूनं बोलू शकणारी एकच ओळ माझ्या हातून लिहायची राहिली होती.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नव्यानं उभ्या राहणाऱ्या इंटर्न आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. अपघातातला पाय जसा आला तसा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. मग तो धुतला जातो, टाके पडतात, स्लॅब (अर्धं प्लास्टर) चढतो, पुढे रॉड बसतो. मूळ खूण फक्त तुम्ही पाहिलेली असते.

आधी नाडी, मग टेप

पोलीस यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, आली नाही म्हणून कुणाचाही उपचार थांबवू नका. सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ही डॉक्टरला तेच बजावतं. उपचार आधी, बाकीचे सोपस्कार नंतर.

पाय हातात घेतल्यावर पावलाच्या वरची आणि घोट्यामागची, अशा दोन्ही नाड्या दोन्ही पायांत बघा. बोटं हलतात का, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का, हे विचारा. गुडघ्याकडे विशेष लक्ष द्या. अपघाताच्या क्षणी निखळलेला गुडघा कधी कधी उचलताना आपोआप जागेवर बसतो. मग एक्स-रे निर्मळ दिसतो आणि गुडघ्यामागची रोहिणी मात्र फाटलेली असते. पोटरी दगडासारखी टणक लागली आणि पायाची बोटं नुसती ताणली तरी रुग्ण ओरडत असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) समजून लगेच सर्जनला बोलवा. नाडी लागते आहे, या आधारावर थांबू नका. या अवस्थेत नाडी बराच वेळ लागत राहते.

यातलं प्रत्येक निरीक्षण वेळेसह लिहा. पुढे पाय कापावा लागला, तर तो अपघातामुळे गेला, वाटेत उशीर झाल्यामुळे गेला की प्लास्टर घट्ट बसल्यामुळे, हा प्रश्न हमखास येतो. ‘रात्री ११:४०, डाव्या पावलाची नाडी लागत नाही’ ही एक ओळ तेव्हा त्याचं उत्तर देते.

एमएलसी रजिस्टर

वाहन अपघातातली प्रत्येक दुखापत ही एमएलसी. नातेवाईक ‘आपसात मिटवलंय, केस करू नका’ म्हणतात, कधी हात जोडतात. तरीही नोंद करा आणि पोलिसांना लेखी खबर द्या. त्यासाठी रुग्णाची परवानगी लागत नाही. अपघात तीन दिवसांपूर्वीचा असला तरी नोंद होतेच, फक्त उशिरा आल्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आधीच्या दवाखान्यात एमएलसी झाली असेल तर तिचा नंबर उतरवा, नवी काढू नका. शरीर तपासायला आणि फोटो घ्यायला मात्र संमती घ्या, आणि रुग्णानं नकार दिला तर तोही त्याच्या सहीनिशी लिहा.

ओळखीच्या दोन खुणा, अंगठा, सोबत कोण आलं, यादी आणणाऱ्या पोलिसाचा बक्कल नंबर आणि पोलीस ठाणं हे रकाने सिस्टर भरून देतात. तरी सही करण्याआधी एकदा नजर फिरवा. हकिगत लिहिताना ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द हवेतच. गाडी पांढरी होती, भरधाव होती, हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम विचारा. रुग्ण अपघाताच्या वेळी काय करत होता? उभा होता, चालत होता, पळत होता? दुचाकी चालवत होता की मागे बसला होता? मोटारीत असेल तर कुठल्या सीटवर होता? पायाचा सगळा अर्थ या उत्तराशी ताडून बघायचा असतो. उत्तर मिळालं नाही तर तसंच लिहा.

कपडे आणि चपला फेकू देऊ नका

गडबडीत वॉर्डबॉय पँट सरळ कापून काढतो आणि बरोबर फाटलेल्या जागेतूनच कात्री चालवतो. त्याला आधीच सांगून ठेवा, की शिवणीवरून काप. पँटवर रंगाचा कपचा, काचेचा चुरा, ग्रीसचा डाग किंवा टायरची नक्षी असू शकते. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवा आणि कागदी पिशवीत सील करा. प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

चपलेचा तळ उलटा करून बघा. पादचाऱ्याच्या पायावर भार असताना धक्का बसला, तर तळावर ताजे, एकाच दिशेचे ओरखडे सापडू शकतात. चालकाच्या बुटाच्या तळावर कधी कधी पेडलची नक्षी उमटलेली असते. गाडी कोण चालवत होतं यावर पुढे जे भांडण होतं, त्यात हा बूट मोलाचा ठरतो.

मोजायचं कसं

या लेखातला माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा भाग हा. शिंप्याकडची साधी टेप कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमध्ये कायम ठेवा.

रुग्ण आडवा असतो, त्यामुळे ‘जमिनीपासूनची उंची’ म्हणजे उघड्या टाचेच्या तळापासूनचं अंतर. पाऊल जमेल तितकं काटकोनात धरायला सांगा, टेपचं टोक टाचेच्या तळाशी लावा आणि जखमेची खालची व वरची, अशा दोन्ही कडांचं अंतर घ्या. चपलेच्या टाचेची जाडी वेगळी लिहा, त्यात मिळवू नका. बेरीज करायची की नाही ते पुढे तपास अधिकारी गाडीच्या बंपरची उंची घेतील तेव्हा ठरेल. हाड मोडून पाय आखूड झाला असेल तर टाचेपासूनचा आकडा फसवा येतो. अशा वेळी धडधाकट पायावर त्याच जागेची उंची मोजा आणि जखमी पायावर घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या वाटीपासूनचं अंतर द्या. मोडलेला पाय टेपसाठी सरळ करायला जाऊ नका.

मग बाजू. पुढची, मागची, आतली, बाहेरची. नुसतं ‘उजवा पाय’ म्हणजे काहीच नाही, कारण बोलीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळाच पाय. मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, पाऊल असं नेमकं नाव घ्या. दुसरा पायही तेवढ्याच बारकाईनं बघा. जखम नसेल तर ‘डाव्या पायावर बाह्य जखम नाही’ असं लिहा. हे वाक्य सगळेच विसरतात.

एक चांगली नोंद अशी दिसते: ‘उजव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूस ठेचून फाटलेली जखम, ५ × २ सेंमी, हाडापर्यंत खोल, आडवी. खालची कड उघड्या टाचेपासून ३१ सेंमी, वरची ३३ सेंमी. भोवती ९ × ७ सेंमीचा लालसर मुका मार. ताजा रक्तस्राव.’ लिहायला दीड मिनिट लागतं. शेजारी पट्टी धरून एक फोटो लांबून, एक जवळून, दोन्हीत एमएलसी नंबर दिसेल असा.

पाय काय सांगतो

पादचाऱ्याला मोटारीचा पहिला फटका बहुधा पायावरच बसतो. छोट्या मोटारीचा बंपर प्रौढ माणसाच्या साधारण गुडघ्याखाली लागतो, उंच एसयूव्हीचा गुडघ्याशी किंवा मांडीशी, आणि तीच गाडी लहान मुलाला मांडीत किंवा खुब्यात लागते. चालकानं करकचून ब्रेक मारला असेल तर गाडीचं नाक खाली झुकतं आणि जखम उभ्या गाडीच्या बंपरपेक्षा खालच्या उंचीवर सापडते. म्हणून उंची जुळली नाही एवढ्यावर ‘ही गाडी नव्हेच’ असं कुणी म्हणू नये. मात्र हा निष्कर्ष तुमचा नाही, तुमचं काम आकडा देण्याचं.

दोन्ही पायांवरच्या खुणा एकाच उंचीवर असतील तर माणूस उभा असण्याची शक्यता वाढते. उंची वेगवेगळी असेल तर तो चालत किंवा पळत असावा. ज्या पायावर भार होता तो पाय जमिनीला रोवलेला असतो, त्यामुळे हाड मोडण्याची शक्यता त्याच पायात जास्त असते. उचललेला पाय पुष्कळदा मुक्या मारावर निभावतो. बाहेरून गुडघ्यावर फटका बसला तर नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग दबतो. त्या फ्रॅक्चरला जुने सर्जन बंपर फ्रॅक्चरच म्हणतात.

मोटारीच्या आतल्या माणसाची गोष्ट वेगळी. समोरासमोरच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. बाहेरून दिसतं ते वाटीवरचं रुपयाएवढं खरचटणं. पण तो धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत जातो. वाटी फुटते, गुडघ्यातला मागचा लिगामेंट तुटतो, मांडीचं हाड मोडतं किंवा खुबा मागे निखळतो. पाय आखूड, आत वळलेला आणि दुसऱ्या पायाकडे ओढलेला दिसला तर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. गुडघ्यावर खरचटलेलं दिसलं की खुबा तपासायचा, ही सवय लावून घ्या. चालकाच्या घोट्याला आणि पावलाला होणाऱ्या जखमांत पेडलचा वाटा असतो. ब्रेकवर ताठ धरलेल्या पावलात घोट्याचं टेलस हाडही मोडू शकतं.

मोटारीनं दुचाकीला घासलं तर चालकाच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला मार आणि आतल्या बाजूला स्वतःच्याच गाडीचा मार, अशी जोडी मिळते. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, त्यामुळे गाडी अंगावर पडली की उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला भाजतं. ते भाजणं वेगळं नोंदवा. आपल्याकडे साडी नेसलेल्या बाया मागे एका बाजूला बसतात, दोन्ही पाय डावीकडे सोडून. डावीकडून घासणाऱ्या गाडीचा मार मग दोन्ही पायांना एकदम बसतो. कशी बसली होती हे त्या बाईला विचारा आणि लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला दोन्ही पायांच्या जखमांचा मेळ लागत नाही.

पायावरून चाक गेलं असेल तर कातडीवर विसंबू नका. कातडी वरून अखंड दिसते आणि खाली स्नायूंपासून सुटलेली असते. हातानं ती सरकते, आणि दोन-चार दिवसांनी आत पाणी साचून फुगवटा येतो. टायरची नक्षी उमटली असेल तर धुण्याआधी फोटो घ्या.

नडगीवरची फसवी जखम

एक जखम नव्या डॉक्टरांना हटकून फसवते. नडगीवर कातडीच्या खाली लगेच हाड असतं, मध्ये मांस नाही. बोथट वस्तूचा फटका बसला की कातडी दोन कठीण गोष्टींमध्ये चिमटून सरळ रेषेत फाटते आणि थेट सुरीनं कापल्यासारखी दिसते. ‘इन्साइज्ड वुंड, शार्प वेपन’ (धारदार शस्त्रानं कापलेली जखम) असं लिहिलं, की अपघाताच्या केसमध्ये कोयता आणून ठेवलात.

भिंग घ्या आणि दिवा तिरका धरा. जखमेच्या कडा दोन बोटांनी हळूच उघडा. आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेले बारीक पांढुरके धागे दिसतील. त्या न तुटलेल्या ऊती, नसा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या. धारदार शस्त्रानं हे पूल शिल्लक राहत नाहीत. कडांवरचे केस बघा, मुळाशी चेचलेले असतील. कडेलगत मुक्या माराची अरुंद लालसर पट्टी असेल. एवढं दिसलं की ‘ठेचून फाटलेली जखम, कठीण व बोथट वस्तूने’ हे निर्धास्त लिहा.

खरचटण्यात दिशा असते. घासणं जिथे सुरू झालं तिथली कड साफ असते, जिथे संपलं तिथे कातडीचे बारीक तुकडे गोळा झालेले असतात. खडी किंवा डांबर रुतलं असेल तर नोंदवा.

वयाच्या बाबतीत सावध राहा. ताजं खरचटणं लाल आणि ओलसर, दिवसभरात खपली धरतं, दोन-तीन दिवसांत ती तांबूस तपकिरी होते आणि आठवड्याच्या सुमारास कडेपासून सुटू लागते. मुक्या माराच्या रंगांचे पुस्तकातले तक्ते मात्र डोळे मिटून वापरू नका. पिवळेपणा दिसला तर मार त्याच दिवसाचा नसावा, एवढं म्हणता येतं. शिवाय खोल मार उशिरा वर येतो आणि मांडीतलं रक्त वजनानं उतरून गुडघ्याभोवती काळंनिळं दिसतं. म्हणून शक्य असेल तर ४८ तासांनी वॉर्डात जाऊन पाय पुन्हा बघा आणि पुरवणी नोंद करा. पहिल्या दिवशी ‘सूज’ एवढंच लिहिलेल्या जागी दुसऱ्या खेपेला बंपरच्या कडेची स्पष्ट पट्टी उमटलेली मी पाहिली आहे.

एक्स-रे

समोरून आणि बाजूनं अशा दोन दिशा, वरचा व खालचा असे दोन्ही सांधे धरून. प्लेटचा नंबर सर्टिफिकेटवर लिहा. नडगी आडव्या फटक्यानं मोडते तेव्हा हाडातून पाचरीसारखा त्रिकोणी तुकडा सुटतो. त्याचा पाया फटका बसलेल्या बाजूला आणि टोक गाडी जात होती त्या दिशेला, असं शिकवतात. हे पुष्कळदा खरं असतं, नेहमी नसतं. कातडीवरची जखम आणि पाचर एकाच बाजूला असतील तेव्हाच त्याचा उल्लेख करा, तोही ‘सुसंगत’ या शब्दात. मुरगळून मोडलेलं हाड मळसूत्रासारखं तिरकं फाटतं. ते दिसलं तर पाय अडकून माणूस फिरला असावा.

साधी की जबर

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या अपघाताला जुनाच दंड विधान कायदा लागतो, त्यामुळे अपघाताची तारीख आधी बघा. जबर दुखापतीची व्याख्या आता कलम ११६ मध्ये आहे. त्यातल्या आठ प्रकारांपैकी पायाशी चारांचा संबंध येतो: अवयव किंवा सांधा गमावणं, त्याची शक्ती कायमची नष्ट किंवा क्षीण होणं, हाड मोडणं किंवा निखळणं, आणि जिवाला धोका होणं किंवा १५ दिवस तीव्र वेदना होणं अथवा नेहमीचे व्यवहार करता न येणं. जुन्या कायद्यात हा काळ २० दिवसांचा होता. सवयीनं २० लिहिणारे अजून भेटतात.

केसाएवढी भेग असली तरी ते फ्रॅक्चरच. लिगामेंट तुटलं आणि हाड शाबूत, तर आज ‘साधी’ लिहून मोकळं होऊ नका. ‘मत राखून ठेवले, एमआरआय व १५ दिवसांनंतरच्या तपासणीनंतर’ असं लिहा आणि खरोखर पुन्हा तपासा. नुसतं १५ दिवस खाटेवर राहणं म्हणजे जबर दुखापत नव्हे. त्या दिवसांत त्याला काय करता येत नव्हतं ते केसपेपरवर दिसलं पाहिजे. तुमच्या या एका शब्दावर पोलीस कलम १२५ चा कुठला भाग लावायचा ते ठरवतात. साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत कैद, जबर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत.

चालकाचं रक्त अल्कोहोलसाठी घ्यायचं असेल तर कातडी स्पिरिटनं पुसू नका, साबण-पाण्यानं पुसा. सोडियम फ्लोराइडची बाटली, लाखेचं सील, वेळ, सही, आणि कुणाच्या हाती दिली त्याची पोच. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सी.ए.चा (सरकारी रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल येईपर्यंत तुम्ही फक्त वास, बोलणं, चाल आणि बाहुल्या यांचं वर्णन लिहायचं. पाय मोडलेल्या माणसाची चाल तपासता येत नाही, तेव्हा तो रकाना ‘तपासता येत नाही, कारण अस्थिभंग’ असा भरा.

टक्केवारीचा कागद

पुढे रुग्ण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासाठी अपंगत्वाचा दाखला मागायला येतो. तो जखम पूर्ण भरून स्थिती स्थिरावल्यावरच द्या, आणि टक्केवारी कुठल्या अवयवाची आहे ते लिहा. राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडलेल्या माणसाच्या दाखल्यावर ४५ टक्के होते, तेही त्या पायापुरते. सर्वोच्च न्यायालयानं कमाईची हानी २० टक्के धरली. कमाई किती बुडाली हे ठरवणं न्यायाधिकरणाचं काम, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. तुम्ही लिहायचं ते हे: गुडघा किती अंश वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड आहे, मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, जिना चढता येतो का. शेतात खुरपणीला बसणाऱ्या बाईसाठी ‘उकिडवं बसता येत नाही’ ही ओळ टक्क्यांपेक्षा जास्त बोलते.

समन्स आलं की

तोवर तुमची बदली झालेली असते. जुन्या रुग्णालयातून रजिस्टर, एक्स-रे आणि केसपेपर मागवून आदल्या रात्री वाचा. साक्षीत मराठीत बोला, ‘टिबिया’ म्हटलंत तर लगेच ‘नडगीचं हाड’ म्हणा. ‘अशी जखम खडबडीत रस्त्यावर पडूनही होऊ शकते का?’ हा प्रश्न येणारच. होऊ शकत असेल तर ‘हो’ म्हणा. मग टाचेपासूनची उंची, जखमेची बाजू, तिच्याखालचं फ्रॅक्चर आणि दुसऱ्या पायावर काहीही नसल्याची तुमची नोंद, हे चारही न्यायाधीशांना कागदावरून वाचून दाखवा.